घाट चढताना ऑइल फार तापते : १९६८ च्या बीटलला जादा ऑइल कूलर बसवावा का?

प्रश्न : घाटवाट (पुणे), १४ मे

नमस्कार. माझ्याकडे १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे. वडिलांनी ती १९७९ साली मुंबईत घेतली आणि तेव्हापासून ती घरातच आहे. इंजिन मूळचे, १४९३ सीसीचे आणि एकेरी इनलेट पोर्टचे आहे. जुन्या शौकिनांच्या काटेकोर व्याख्येत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या, हे मला माहीत आहे. परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज मानली जाते आणि माझी गाडी त्यात बसते, म्हणून हा प्रश्न या विभागात विचारतो आहे.

आठ महिन्यांपूर्वी इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतले. पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग नवे घातले. हिवाळ्यात गाडी उत्तम चालली. एप्रिलपासून मात्र ऑइल अतिशय तापू लागले आहे. डिपस्टिकच्या जागी बसणारा तापमापक मी लावला आहे. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालल्यावर तो ११२ अंश दाखवतो. गेल्या रविवारी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा काटा १२८ वर होता आणि बाहेरचे तापमान ३८ होते. गाडी तशीच मंद चालू ठेवली तर ऑइलच्या दाबाचा दिवा मधूनमधून मिणमिणतो आणि एक्सलरेटर किंचित दाबताच विझतो. सकाळी थंड इंजिनावर हा दिवा चुकूनही दिसत नाही.

ऑइल २०डब्ल्यू-५० (घट्टपणाची प्रत) आहे आणि बदलून ९०० किलोमीटरच झाले आहेत. इंजिन बांधताना कूलर बाहेरून स्वच्छ धुतल्याचे गॅरेजने सांगितले होते. आता त्यांचाच सल्ला असा आहे की आपल्याकडच्या उन्हाळ्याला मूळचा कूलर अपुरा पडतो, तेव्हा मागच्या मडगार्डखाली विजेच्या पंख्यासह एक जादा कूलर बसवून घ्यावा. खर्चाचा प्रश्न नाही, पण गाडीला नवी भोके पाडायला जीव होत नाही. जादा कूलर खरोखर आवश्यक आहे का, की मूळच्या कूलरची कार्यक्षमता परत मिळवता येईल?

उत्तर : जुना फिटर (कोल्हापूर), १४ मे

घाटवाट साहेब, कृपया जादा कूलर तूर्त बाजूला ठेवा. माझ्या हाताखालून या जातीची बरीच इंजिने गेली आहेत. मूळचा कूलर सुस्थितीत असेल तर तो आपल्या उन्हाळ्यालाही पुरतो, असा माझा अनुभव आहे. घाटात काटा वर जाईल, पण १२८ पर्यंत जाणार नाही आणि दिवा तर मुळीच मिणमिणणार नाही.

आपण दोन लक्षणे एकत्र सांगितली आहेत आणि खरी खूण त्यातच आहे. ऑइल तापते, आणि तापल्यावर मंद गतीला दाबही पडतो. हा दिवा दाब अर्ध्या किलोच्याही खाली उतरल्याशिवाय पेटत नाही. नव्या बेअरिंगच्या इंजिनात, २०डब्ल्यू-५० ऑइल असताना दाब एवढा उतरणे बरोबर नाही. त्यामुळे माझा पहिला संशय कूलरवर नसून त्याच्याकडे ऑइल पाठवणाऱ्या प्लंजरवर, म्हणजे दट्ट्यासारख्या सरकत्या झडपेवर आहे.

त्याचे काम समजून घ्या. ऑइल पंपातून निघालेले ऑइल एका पोकळ प्लंजरच्या डोक्यावर दाब देते आणि खालून स्प्रिंग त्या प्लंजरला वर रेटत असते. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असते, दाब जास्त असतो, प्लंजर तळाशी दबतो. तेव्हा ऑइल कूलर टाळून थेट बेअरिंगकडे जाते आणि जास्तीचे ऑइल दुसऱ्या वाटेने खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात) परत पडते. इंजिन थोडे तापले की प्लंजर मधोमध येतो आणि ऑइल दोन्हीकडे वाटले जाते. ऑइल पूर्ण तापून पातळ झाले की दाब उतरतो, स्प्रिंग प्लंजरला पार वर नेते, दोन्ही आडवाटा बंद होतात आणि बेअरिंगकडे जाणारा थेंबन् थेंब कूलरमधूनच जातो. आता हाच प्लंजर खाली अडकला तर काय होईल, पाहा. ऑइल कितीही तापले तरी ते कूलर टाळूनच जाणार आणि शिवाय पंपाने दिलेल्या ऑइलचा काही भाग सतत संपमध्ये गळत राहणार. म्हणजे ऑइल तापणार आणि दाबही पडणार, जे आपल्या गाडीत नेमके होते आहे. याच्या उलट, प्लंजर वर अडकला तर सकाळच्या थंड, घट्ट ऑइलचा सगळा दाब कूलरवर येतो आणि त्याची सील किंवा शिवण फुटते. कूलर गळत असल्याचे आपण लिहिलेले नाही, हेही याच निदानाला धरून आहे.

आपले इंजिन १९६८ चे असल्याने त्यात असा एकच प्लंजर असेल. फ्लायव्हीलच्या बाजूला दुसरा पुढे १९७० च्या मॉडेलपासून आला. गाडीखाली शिरून पुलीच्या बाजूला, डावीकडे पाहा. रुंद खाच असलेला एक मोठा प्लग दिसेल. खाचेत नीट बसेल असा जाड स्क्रूड्रायव्हरच वापरा, कारण खाच एकदा बिघडली की पुढचे काम फार अवघड होते. आधी ऑइल काढून घ्या. प्लग फिरवला की स्प्रिंग बाहेर येईल आणि तिच्यामागोमाग प्लंजर आपल्या वजनाने खाली सरकला पाहिजे. नाही सरकला तर रोग सापडला असे समजा.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. गाडी तापते म्हणून पुष्कळ लोक आणखी घट्ट ऑइल घालतात. पण ऑइल जितके घट्ट, तितका प्लंजर अधिक वेळ खाली राहतो आणि तितके कमी ऑइल कूलरमधून जाते. २०डब्ल्यू-५० आपल्याकडे योग्य आहे, त्याच्या पलीकडे जाऊ नका.

उत्तर : मोजमाप (नाशिक), १५ मे

फिटरकाकांचे निदान मला पटते. मी व्यवसायाने उष्णता-विनिमयाच्या यंत्रांवर काम करणारी अभियंता आहे आणि घरी १९६५ ची बीटल आहे, म्हणून दुसऱ्या अंगाने थोडे लिहिते. कूलर स्वतः काहीच करत नाही. एका बाजूने गरम ऑइल आणि दुसऱ्या बाजूने गार हवा पुरेशी मिळाली तरच तो उष्णता बाहेर टाकू शकतो. काकांनी ऑइलची बाजू सांगितली. हवेची बाजूही त्याच बैठकीत तपासून घ्यावी, असे मला वाटते.

आपल्या गाडीत कूलर पंख्याच्या पत्र्याच्या घरातच, डाव्या बाजूला उभा आहे. पंख्याने खेचलेली हवा त्याच्या पट्ट्यांमधून जाते आणि मग तीच तापलेली हवा खालच्या तिसऱ्या सिलिंडरवर पडते. म्हणूनच त्या काळच्या बऱ्याच बीटलच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी जाणूनबुजून काही अंश उशिरा ठेवलेली होती. १९७१ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगनने कूलर घराबाहेर काढून त्याला वेगळी हवा दिली आणि ती तापलेली हवा थेट इंजिनाबाहेर सोडली. त्या रचनेला सगळे 'डॉगहाउस' म्हणतात. ती निश्चित सुधारलेली आहे. पण ती बसवायची तर पंखा, घर, कूलर आणि आजूबाजूचे पत्रे असे सगळेच बदलावे लागते. २०२१ चे नियम मूळ स्वरूपावर भर देतात, तेव्हा तुमच्यासारख्या जपलेल्या गाडीला मी ती बसवणार नाही.

आता हवेची वाट. इंजिनाच्या कडेने सर्व बाजूंनी एक रबरी पट्टी असते, जी वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते. इंजिन काढून परत बसवताना ती फाटते किंवा राहून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडी तिच्याशिवायही चालू होते. पट्टी नसेल तर सिलिंडरांवरून आणि सायलेन्सरवरून तापून खाली गेलेली हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. याचा परिणाम किती होतो, ते हिशेबाने पाहा. ऑइल ११० अंशांवर आणि हवा ३८ वर असेल तर दोहोंत ७२ अंशांचा फरक आहे, आणि कूलर टाकत असलेली उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते. पंख्याला मिळणारी हवाच ५५ अंशांची झाली तर फरकही ५५ वर येतो. कूलरला काहीही न होता त्याच्या क्षमतेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला.

हे मोजणे अगदी सोपे आहे. लांब तारेचा साधा डिजिटल तापमापक घ्या, त्याचे टोक पंख्याच्या तोंडाजवळ, पण पत्र्याला न टेकता, चिकटपट्टीने बांधा आणि तार मागच्या सीटखालून पुढे आणा. रस्त्यावर चालताना तिथले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच अधिक असावे. १५ अंशांचा फरक दिसला तर गरम हवा कुठून तरी परत येते आहे, हे नक्की. माझ्या गाडीत असा १७ अंशांचा फरक होता आणि कारण होते सायलेन्सरवरचा एक छोटा पत्रा, जो कोणीतरी काढून ठेवला होता आणि परत लावलाच नव्हता.

कूलर आणि पंख्याच्या घराच्या मधल्या फटीत फोमची पट्टी असते, तीही पाहा. ती नसेल तर हवा पट्ट्यांमधून जाण्याऐवजी बाजूच्या फटीतून निसटते, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. सिलिंडरांखालचा थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांना उघडतो आणि हवेच्या झडपा मोकळ्या करतो. आपल्याकडे तो बहुतेकांनी काढून टाकलेला असतो. काढला असेल तर झडपा पूर्ण उघड्याच राहतात ना, हे हात घालून खात्री करून घ्या.

कूलरच्या पट्ट्यांविषयी एक विनंती. गळलेले ऑइल आणि रस्त्याची धूळ मिळून पट्ट्यांच्या मध्ये जो काळा लगदा बसतो, तो वरून दिसत नाही. हातातली बॅटरी (टॉर्च) पलीकडे धरून आरपार पाहिले तरच कळते. तो रॉकेलमध्ये भिजवून, मऊ ब्रशने आणि हवेच्या हलक्या झोताने, हवा जिकडून येते त्याच्या उलट बाजूने काढावा. जोराच्या पाण्याच्या झोताने पट्ट्या वाकतात आणि वाकलेली पट्टी शेजारच्या पट्टीची हवाही अडवते. तसेच चांगला दिसावा म्हणून कूलरवर रंगाचे थर चढवू नका.

उत्तर : मिडलंड्सकर (बर्मिंगहॅम), १५ मे

माझी गाडी वेगळी आहे आणि देशही वेगळा, तरी एक मुद्दा जोडतो. जादा कूलर लावण्याआधी 'गरजेपेक्षा जास्त थंड' ही अवस्थाही विचारात घ्यावी. माझ्याकडे १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिच्यात १३ ओळींचा कूलर रेडिएटरच्या पुढे उभा असतो, ब्लॉकच्या मागच्या बाजूने ऑइल रबरी नळीने त्याच्याकडे येते आणि तिथून फिल्टरकडे जाते. मूळ रचनेत मध्ये थर्मोस्टॅट नाही. इथल्या जानेवारीत ऑइल कधी पुरते तापतच नसे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर, सायीसारखा थर जमत असे, कारण त्यातला ओलावा उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नव्हती. शेवटी ८० अंशांच्या आसपास उघडणारा ऑइल थर्मोस्टॅट बसवला, तेव्हा तो थर थांबला. म्हणजे कूलर मोठा असणे हा गुण नाही. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गाडी काढणार असाल तर थर्मोस्टॅटशिवाय जादा कूलर बसवूच नका.

देखभालीपैकी एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझा एक कूलर गेला. कूलरच्या नळीचा नट सोडवताना एक पाना नटाला आणि दुसरा पाना कूलरच्या मानेवरच्या षटकोनी भागाला लावून तो घट्ट धरावा लागतो. मी घाईत एकच पाना लावला. नट गंजून बसलेला होता, तो फिरलाच नाही, त्याच्याबरोबर मान फिरली आणि पातळ पत्रा जिथे मानेला जोडलेला असतो तिथे केसाएवढी चीर गेली. ती डोळ्यांना दिसलीही नाही; गाडी चालू करून दाब ६० पौंडांवर गेला तेव्हा ऑइलची बारीक धार थेट रेडिएटरवर उडाली. नळ्याही बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून सोलवटतात, तेव्हा त्यांचे वय लिहून ठेवावे. आणि कूलर रिकामा करून परत लावला की स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे, दाबाचा काटा हलल्याशिवाय गाडी चालू करू नये.

उत्तर : जुन्या पेठेतला (पुणे), १६ मे

एक छोटी भर. ज्यांच्या गाडीला ऑइल कूलर मुळातच नाही, उदाहरणार्थ माझी फियाट ११००, त्यांच्या गाडीत संप हाच कूलर असतो. खालून वाऱ्याचा झोत त्याला लागतो आणि ऑइल थंड होते. संपवर वर्षानुवर्षांची माती आणि ऑइल यांचे बोटभर कवच चढलेले असेल, वर अंडरबॉडी कोटिंगही मारलेले असेल, तर तो गोधडी पांघरल्यासारखा होतो. दर सहा महिन्यांनी मी तो रॉकेलने स्वच्छ करतो. बीटलचा संपही मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आणि खालून पट्ट्या असलेला आहे, तेव्हा घाटवाट यांनी तोही पाहून घ्यावा.

घाटवाट (पुणे), १७ मे

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी ऑइल काढले आणि काकांनी सांगितलेला प्लग उघडला. स्प्रिंग बाहेर आली, प्लंजर आला नाही. बोट आत घातले तर त्याची कड लागते, पण तो हलत नाही. काठीने हळू ठोकूनही पाहिले. आता काय करावे?

उत्तर : जुना फिटर (कोल्हापूर), १७ मे

ठोकू नका. इंजिनाचे केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे आणि प्लंजर पोलादी. बोअर (प्लंजर सरकतो ते भोक) ओरखडला तर नुकसान केसिंगचेच होईल. १० मिलिमीटरचा आटे पाडण्याचा टॅप घ्या. प्लंजर खालून पोकळ आहे, त्या पोकळीत टॅप हाताने, जोर न लावता, दोन-तीन आटे धरेल इतकाच फिरवा. मग फिरवणे थांबवून सरळ खाली ओढा. त्याआधी रात्रभर भेदक तेल मारून ठेवा. बाहेर आलेला प्लंजर परत वापरायचा नाही, नवा घालायचा आणि स्प्रिंगही नवी.

तो कशामुळे अडकला हे शोधल्याशिवाय मात्र प्लग परत बसवू नका. संपच्या खालची सहा नटांची गोल पट्टी काढा आणि जाळी बाहेर घ्या. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, ही तारेची जाळी एवढेच काय ते गाळण आहे, आणि इंजिनात काय फिरते आहे याचा पुरावा तिथेच मिळतो.

घाटवाट (पुणे), ९ जून

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काम पूर्ण करून, आकडे घेऊनच लिहावे असे ठरवले होते.

टॅपची युक्ती पहिल्याच प्रयत्नात लागू पडली. प्लंजर बोअरच्या खालच्या भागात तिरपा रुतला होता आणि त्याच्या एका बाजूला नखाला जाणवेल असा उभा ओरखडा होता. त्याच्या कडेला लाल सिलिकॉनचा (जोड बंद करण्याच्या सीलंटचा) एक तुकडा चिकटलेला होता, शेवयीसारखा बारीक आणि साधारण एक सेंटिमीटर लांब. मग जाळी काढली. तिच्यावर असे तुकडे मी मोजले, ते तेवीस भरले. इंजिन बांधताना केसिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या जोडावर सिलिकॉन इतके भरपूर लावले होते की दाबले गेल्यावर ते आतल्या बाजूला ओघळले, तिथेच सुकले आणि पुढे तुटून ऑइलबरोबर फिरू लागले. जाळीने थोडे अडवले असतील. पण जाळीच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला जे सुकले होते ते थेट प्लंजरकडे आणि कूलरकडेच गेले असणार, कारण तिथे त्यांना अडवणारे काहीच नाही.

बोअर सुदैवाने वाचला होता. नवा प्लंजर आणि स्प्रिंग घातल्यावर प्लंजर बोटाने वर लोटला की आपल्या वजनाने खाली येत होता. तेवढ्यावर थांबण्याचा मोह झाला, पण कूलरमध्येही हेच तुकडे असतील, असे राहून राहून वाटत होते. म्हणून पंख्याचे घर उचलून कूलर काढला. त्यात रॉकेल भरून, हलवून, मलमलच्या कापडातून गाळले. पहिल्या तीन वेळा काळा गाळ आला आणि चौथ्या वेळी दोन लाल तुकडे आले. सातव्या वेळीही एक आला. रॉकेलमध्ये सिलिकॉन विरघळत नाही, त्यामुळे आणखी किती आत अडकले आहेत हे कळण्याचा मार्ग नव्हता. शेवटी नवा कूलर मागवला. एका रेडिएटरच्या कारागिराकडून पाण्यात बुडवून त्याला ६ किलोचा दाब दिला आणि बुडबुडा येत नाही हे पाहूनच तो बसवला. जुना कूलर मी हॅकसॉने उभा कापून पाहिला. खालच्या भागातल्या अरुंद वाटांपैकी कित्येक काळ्या, चिकट गाळाने निम्म्या भरलेल्या होत्या आणि त्या गाळात लाल तुकडे रुतलेले होते. बाहेरून मात्र तो अगदी लखलखीत होता. धुतल्याचे मला सांगितले गेले होते, ते खोटे नव्हते. फक्त बाहेरून धुतला होता.

कूलरच्या खालच्या दोन सीलबद्दलही लिहितो. गॅसकेटच्या संचात वेगवेगळ्या जाडीच्या आणि भोकांच्या सील येतात, कारण १९७० च्या आसपास केसिंगमधल्या ऑइलच्या वाटा ८ मिलिमीटरवरून १० मिलिमीटर झाल्या. माझ्या केसिंगला ८ च्या सील लागतात. त्या तीन जोड्यांमधून निवडताना मी प्रत्येक सील केसिंगवर ठेवून, भोक बरोबर भोकावर येते का, हे पाहिले.

'मोजमाप' ताईंनी सांगितल्याप्रमाणे पंख्याच्या तोंडाशी तापमान मोजले. फरक १२ अंशांचा निघाला. डाव्या बाजूची रबरी पट्टी हातभर लांबीची नव्हतीच आणि फोमही नव्हता. दोन्ही बसवल्यावर फरक ४ अंशांवर आला.

आता आकडे. काल पुन्हा पाचगणीला जाऊन आलो. सपाट रस्त्यावर ताशी ८० ला ऑइल ९६ अंश राहिले. पसरणी घाटाच्या माथ्यावर १११ झाले. काल बाहेरचे तापमान ३३ होते, म्हणजे मे महिन्यापेक्षा पाच अंश कमी, तेव्हा तुलना करताना तेवढी वजावट धरली पाहिजे. तरीही घाटात बारा अंशांचा निव्वळ फरक पडला आहे. माथ्यावर पाच मिनिटे गाडी मंद चालू ठेवली. दिवा लागला नाही.

एक शंका उरली आहे. केसिंगच्या आत अजून सिलिकॉन असणारच. त्यासाठी इंजिन पुन्हा खोलावे का?

उत्तर : जुना फिटर (कोल्हापूर), ९ जून

छान काम केलेत. जुना कूलर कापून पाहिलात हे विशेष आवडले. तो कापलेला भाग टाकू नका, दुसऱ्यांना दाखवण्याजोगा आहे.

इंजिन लगेच खोलू नका. आत्ताचे ऑइल ३०० किलोमीटरवर काढा, जाळी उघडा आणि तुकडे मोजा. अडीच लिटर तर ऑइल लागते, त्यात हात आखडू नका. पुन्हा ५०० किलोमीटरवर तेच करा. दुसऱ्या वेळी दोन-तीनच निघाले तर नेहमीच्या ५००० किलोमीटरच्या अंतरावर या, मात्र प्रत्येक वेळी जाळी उघडायचीच. संख्या कमी होत नसेल तर केसिंग उघडावे लागेल आणि तेव्हा जोडावर पातळ, न फुगणारे सीलंटच बोटाने पुसून लावायचे, सिलिकॉन नाही.

पसरणी घाटात तिसऱ्या गिअरवर रेटत नेता, की दुसऱ्यावर? या गाडीत पंखा डायनमोच्या शाफ्टवर आहे, इंजिन जितके फिरेल तितकाच तो फिरतो. तिसऱ्यावर गाडी कण्हू लागली की लगेच दुसरा टाका. आवाज वाढला तरी हरकत नाही, हवाही वाढते. आणि तो प्लंजर दर दुसऱ्या ऑइल बदलाच्या वेळी काढून, पुसून, तो खाली सरकतो ना, हे पाहत जा. दहा मिनिटांचे काम आहे.

घाटवाट (पुणे), १० जून

तिसऱ्यावरच नेत होतो. पुढच्या वेळी दुसऱ्यावर नेऊन काटा पाहीन आणि ३०० किलोमीटरनंतर जाळीवरचे तुकडे मोजून इथेच लिहीन.